नार्वे आणि पाळी : लहान गावाचा वारसा कशात असतो?

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यान)



गावातल्या माणसांनी वर्गणी काढून, कपाटे मागून आणून, संध्याकाळी दिवा लावून चालविलेले वाचनालय शंभर वर्षे टिकते, ही गोष्ट गोमंतकात तरी सामान्य मानता येणार नाही. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि येथील हिंदू समाजाला नागरी समानतेचा थोडा मोकळा वारा लागला. त्यानंतरच्या काळात गोव्यात जागोजाग मराठी शाळा, वाचनालये आणि नियतकालिके निघाली. पुढे सालाझारच्या राजवटीत छापील शब्दावर पुन्हा पहारा बसला. अशा दिवसांत ज्यांनी मराठी पुस्तके जमविली, सांभाळली आणि घरोघर वाचावयास दिली, त्या पूर्वसूरींचे ऋण आजच्या समारंभात आपण आदराने मान्य केले आहे. त्यात माझाही नम्र वाटा असू द्यावा.

संयोजकांनी मला 'गोमंतकाचा सांस्कृतिक वारसा' या विषयावर बोलण्यास सांगितले होते. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. शिवाय एवढ्या व्यापक विषयावर बोलू लागले की वक्ता हमखास मंगेशी-शांतादुर्गेपासून निघतो, जुन्या गोव्याच्या चर्चला वळसा घालतो आणि तियात्र-दशावतारापाशी येऊन थांबतो. श्रोत्यांना यातले सारे आधीच ठाऊक असते. म्हणून त्यांच्या संमतीने मी विषय लहान केला आहे. आपल्या डिचोली तालुक्यातील दोन गावांविषयी मी बोलणार आहे. एक नार्वे आणि दुसरे पाळी. पहिल्याचा इतिहास दगडावर कोरलेला आहे. दुसऱ्याचा कोठेच कोरलेला नाही. लहान गावाचा वारसा नेमका कशात असतो आणि तो कोणी सांभाळावयाचा, हा प्रश्न या दोन गावांच्या आधाराने आपल्यापुढे ठेवावा, एवढाच माझा हेतू आहे.

खेडेगावाचे सौंदर्य ही अलीकडे फार बोलली जाणारी गोष्ट झाली आहे. पावसाळ्यात रविवारी हरवळ्याच्या धबधब्यावर गाड्यांची रांग लागते. धबधब्याजवळच जांभ्या दगडात खोदलेल्या प्राचीन गुंफा आहेत. तेथपर्यंत जाणारे थोडे, आणि आत जाऊन क्षणभर उभे राहणारे त्याहून थोडे. हिरवी कुळागरे, कौलारू घरे, देवळापुढची दीपमाळ, नदीवरची फेरीबोट, ही चित्रे डोळ्यांना सुखावतात यात शंका नाही. मात्र हे सुख पाहुण्याचे असते. तो ते घेऊन परत जातो. गावात राहणाऱ्या माणसाला दीपमाळ कोणी बांधली, कुळागराला पाणी कोठून येते आणि त्या पाण्यावर कोणाचा किती हक्क, हे माहीत असते, किंवा असावयास हवे. ही माहिती गेली की उरते ते देखणे असले तरी मुके असते.

आता नार्व्याकडे वळू. मांडवीच्या पात्रात दिवाडी बेट आहे. त्या बेटावर नार्वे नावाचे गाव आहे आणि नदीच्या अलीकडे, आपल्या डिचोली तालुक्यात, पुन्हा नार्वे नावाचेच गाव आहे. मध्ये नदी आणि नदीवर फेरीबोट. नवख्या माणसाला हे नावांचे जुळेपण गमतीचे वाटते. त्यामागे जे घडले ते मात्र गमतीचे नाही.

गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर. त्यांच्या सुवर्णनाण्यांवर एका बाजूस सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूस सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचे बिरुद आहे. राजाने आपल्या नाण्यावर देवाचे नाव घालावे, यावरून त्या देवस्थानाचा मान लक्षात येतो. हे देवालय दिवाडीवरच्या नार्व्यात होते. तेथील कोटितीर्थ नावाचे तळे आजही दाखविले जाते. चौदाव्या शतकात बहामनी सत्तेच्या काळात या देवालयाचा विध्वंस झाला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरचा माधव मंत्री याने गोवा जिंकून घेतला आणि देवाची पुनःस्थापना केली. १५१० साली अफोन्सो द अल्बुकर्क याने तिसवाडी बेट घेतले, आणि त्या शतकाच्या मध्यावर बेटांवरील देवळे पाडण्याचे सत्र सुरू झाले तेव्हा सप्तकोटीश्वराचे देवालयही गेले. परंपरा असे सांगते की देवाचे लिंग विहिरीच्या कामी लावण्यात आले होते आणि भाविकांनी ते रातोरात होडीतून नदीपार आणले. या कार्यात भतग्रामचे नारायण शेणवी सूर्यराव सरदेसाई यांचे नाव घेतले जाते. भतग्राम म्हणजे आपल्या डिचोली-सांखळी भागाचे जुने नाव.

अलीकडच्या तीरावर ज्या जागी लिंग ठेवले ती जागा हिंदळे म्हणून ओळखली जात होती. देव तेथे राहिला आणि हळूहळू त्या जागेलाही नार्वे हेच नाव रूढ झाले. या ठिकाणी थोडे थांबावे असे मला वाटते. होडीत बसून आलेल्या माणसांना बरोबर काय आणता आले? देवालयाचे चिरे आणता आले नाहीत, तळे आणता आले नाही, शेते आणता आली नाहीत. एक शिळा आणली आणि एक नाव आणले. नावाला होडीत जागा लागत नाही. त्याला कर पडत नाही, पहारेकऱ्याला ते दिसत नाही. जुन्या गावाचे नाव नव्या भूमीला देऊन त्या माणसांनी, आपण कोठून आलो ते आपल्या नातवंडांनी विसरू नये, अशी सोय करून ठेवली. ही सोय साडेचारशे वर्षांनंतरही चालू आहे.

पुढचा प्रसंग आपणा सर्वांना परिचित आहे. १६६८ साली शिवाजी महाराज या भागात आले आणि त्यांच्या आज्ञेने नार्व्याच्या देवालयाच्या उभारणीस प्रारंभ झाला. प्रवेशद्वारावरील शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी अशी तिथी आहे. म्हणजे नोव्हेंबर १६६८. लेख अवघा काही ओळींचा आहे. त्यात पराक्रमाचे वर्णन नाही, शत्रूची निंदा नाही. देवाचे नाव, तिथी, राजाची आज्ञा आणि कामाचा प्रारंभ, एवढेच. नदीच्या पलीकडे पोर्तुगीजांची राजधानी. तिच्या जवळ, नदीकाठी, पाडलेल्या देवालयाच्या देवासाठी नवे देवालय उभारण्याची ही आज्ञा होती. तिचा अर्थ पलीकडच्यांना कळला नसेल असे म्हणवत नाही.

हे देवालय आपण पाहिले असेल. आकाराने ते फार मोठे नाही. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, गाभाऱ्यावर अष्टकोनी बैठकीचा बसका घुमट, आत कमानींचा सभामंडप आणि पुढे दीपमाळ. देशावरच्या हेमाडपंती देवळांची ओळख असणाऱ्याला हे देऊळ परके वाटते. कारण स्पष्ट आहे. येथील गवंड्यांनी पलीकडच्या तीरावर घुमट आणि कमानी बांधल्या जाताना पाहिल्या होत्या, कदाचित बांधल्याही होत्या. आपल्याला लागणारे त्यांनी त्यातून उचलले. पुढे गोव्यात जी देवळे बांधली गेली त्यांची जी एक खास गोमंतकीय घडण झाली, तिचा आरंभीचा नमुना म्हणून नार्व्याकडे बोट दाखविता येते. गाभाऱ्यातील लिंगही नेहमीसारखे गोल नाही. त्याला पैलू आहेत, म्हणून त्याला धारालिंग म्हणतात.

नार्व्याचा इतिहास एवढ्यावर संपत नाही. गावातच जैनकोट नावाची जागा आहे आणि तेथे जैन बस्तीचे अवशेष आहेत. म्हणजे शैव देवालय येथे येण्यापूर्वी या भूमीवर जैनांचा वावर होता. गोकुळाष्टमीला नदीच्या पंचगंगा तीर्थावर स्नानासाठी भाविकांची गर्दी होते. नदीच्या पलीकडे, दिवाडीवरच्या नार्व्याला, कँडेलारिया मातेचे कपेल आहे. जैन, शैव आणि ख्रिस्ती अशा तीन परंपरांच्या खुणा एकाच नावाच्या दोन गावांत, एका फेरीबोटीच्या अंतरावर आहेत. गावाचा वारसा असा थरांचा असतो. त्यातला आपल्याला आवडणारा एकच थर उचलून उरलेले झाकून टाकावेत, असा मोह होतो. तो टाळला तरच इतिहासाचे भान राहते.

राज्याच्या पुरातत्त्व खात्याने अलीकडे या देवालयाचे जतन-दुरुस्तीचे काम हाती घेतले आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. चांगले झाले. दगडाची निगा राखणारे खाते आहे, त्यासाठी कायदा आहे, निधी आहे. या बाबतीत नार्वे भाग्यवान गाव आहे. त्याचा इतिहास राजाच्या आज्ञेशी जोडलेला आहे, म्हणून तो लिहिला गेला आणि म्हणून तो जपला गेला. ज्या गावांना राजाची आज्ञा लाभली नाही त्यांचे काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आपल्याला थोडे दूर नेतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात बेलुबुला नदीच्या काठी कारकोर नावाचे लहानसे गाव आहे. १८३९ साली ते रीतसर वसविले गेले. वस्ती काही शेकड्यांची. एके काळी ते त्या भागातले महत्त्वाचे ठिकाण होते. १८६३ साली तेथील बँक भरदिवसा लुटण्याचा प्रयत्न झाला होता, आणि तिकडच्या दरोडेखोरांच्या इतिहासात तो प्रसिद्ध आहे. पुढे आसपासची दुसरी गावे वाढली, हमरस्ता गावाला वळसा घालून गेला आणि कारकोर मागे पडले. मागे पडले म्हणून त्याच्या जुन्या इमारती पाडण्याची कोणाला गरज वाटली नाही. तेथील वारसा-संस्थेने गावाची नोंद घेतली आणि आज लोक ते मुद्दाम पाहावयास जातात. न्यायालय, चर्च, बँक, सरायी, सारे जागच्या जागी आहे.

आपल्या हिशेबाने १८३९ म्हणजे कालपरवाची गोष्ट. तरी त्यांनी ते जपले, हे शिकण्यासारखे आहे. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कारकोर हे नाव इंग्रजी नाही. गोरे लोक येण्यापूर्वी हजारो वर्षे त्या प्रदेशात विराजुरी लोक राहत होते. नाव त्या भूमीतल्या मूळ भाषेतून आलेले आहे. मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या, त्यांची वस्ती गेली. इंग्रजांनी बांधलेल्या दगडी इमारतींवर वारशाची पाटी लागली. त्या इमारतींहून कितीतरी जुनी असलेली वस्तू मात्र गावाच्या नावात, सर्वांच्या तोंडी, नकळत शिल्लक राहिली. नार्व्याने मुद्दाम नेलेले नाव आणि कारकोरात नकळत उरलेले नाव ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, की गावाच्या स्मृतीत नावाला केवढे स्थान आहे ते ध्यानात येते.

आता पाळी. हे माझे गाव, म्हणून पक्षपात होण्याचा संभव आहे. आपण तो गृहीत धरून ऐकावे. कोठंबी, नावेली, सुर्ल, वेळगे ही आमच्या शेजारची गावे. पाळी-कोठंबी अशी आमची जोडपंचायत. एके काळी विधानसभेच्या मतदारसंघालाही पाळीचे नाव होते. पुनर्रचनेनंतर, २०१२ च्या निवडणुकीपासून, ते जाऊन सांखळी आले. पोर्तुगीजांनी आमचे नाव रोमन लिपीत 'पी, ए, एल, ई' असे लिहिले. इंग्रजी शिकलेला पाहुणा ते 'पेल' असे वाचतो आणि त्याचा अर्थ फिकट असा होतो, हे पाहून आम्ही हसतो. डिचोलीचे बिचोलिम आणि सांखळीचे सांकेलिम झाले ते असेच. पोर्तुगीज लेखक शेवटचा 'एम' अनुनासिक उच्चारासाठी लिहीत. इंग्रजी वाचणाऱ्यांनी तो ओठ मिटून म्हणावयास सुरुवात केली. परक्या लिपीत नाव कसे बदलते याचा हा धडा आपल्या सर्व गावांच्या पाट्यांवर रोज वाचावयास मिळतो.

अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांकडे गेले. नव्या काबिजादीत त्यांनी तिसवाडी-साष्टीसारखा धार्मिक छळ केला नाही. देवळे राहिली, गावकरी राहिली, जत्रा राहिल्या. शिरगावची लईराईची जत्रा, साळचे गडे, शिगमो, जागर, धालो हे सारे त्यामुळे अखंड चालत आले. घरात कोंकणी बोलावी, कीर्तन-पुराण मराठीत ऐकावे, देवस्थानचा जमाखर्च मराठीत, बहुधा मोडी लिपीत, ठेवावा आणि सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये असावा, असा आमच्या गावांचा दिनक्रम होता. गाव लहान, पण त्याला तीन भाषांचा व्यवहार जमत होता.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर डिचोलीच्या डोंगरांतून लोहखनिज निघू लागले, आणि पाळीचे रूप पालटले. डोंगर उतरले, खड्डे खोल गेले, काढलेल्या मातीचे नवे डोंगर उभे राहिले. ट्रकांनी खनिज मांडवीच्या काठावरील धक्क्यांवर आणि तेथून बार्जेसमधून मुरगाव बंदरात जाऊ लागले. त्यावर घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली, ट्रक घेतलेल्या माणसाला गावात पत आली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्याच वेळी झरी आटल्या, पावसाळ्यात लाल गाळ शेतांत उतरला आणि रस्त्याकाठच्या घरांच्या भिंतींचा रंग कोणता होता ते कोणाला आठवेनासे झाले. हेही तितकेच खरे आहे. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते मात्र थांबले नाहीत. त्यानंतर लिलाव झाले आणि २०२४ पासून तालुक्यात काही ठिकाणी पुन्हा काम सुरू झाले. खाण असावी की नसावी यावर येथे बोलण्याचा माझा अधिकार नाही. या सभागृहात दोन्ही बाजूंची माणसे आहेत आणि दोन्ही बाजूंना आपापली चूल पेटवावयाची आहे. मला बोलावयाचे आहे ते या सर्वांत जे कोणत्याच पक्षाने मोजले नाही त्याविषयी.

मुक्तीनंतर १९६८ चा जमीन महसूल कायदा आला आणि त्यानुसार गोव्यातील जमिनींचे सर्वेक्षण झाले. त्यातून निघालेला एक-चौदाचा उतारा आपणापैकी प्रत्येकाने कधी ना कधी हातात धरला असेल. कर्जासाठी, वाटणीसाठी, कज्जासाठी. त्यावर तालुका असतो, गाव असते, सर्वे नंबर असतो. आणि आणखी एक रकाना असतो, ज्याकडे वकीलसुद्धा सहसा पाहत नाही. तो म्हणजे शेताचे नाव. कोठे तेथे नाव लिहिलेले असते, कोठे नुसती रेघ असते.

माझ्या दृष्टीने आमच्या गावाचा शिलालेख तो आहे. नार्व्याला जे शके १५९० चे अक्षर आहे, त्याच्या जागी पाळीला शेताच्या नावाचा रकाना आहे. ही नावे कोणी राजाने दिली नाहीत. नांगर धरणाऱ्याने दिली, लावणी करणाऱ्या बायांनी दिली, गुरे राखणाऱ्या पोरांनी दिली. नदीच्या भरतीचे खारे पाणी बांध घालून अडविले ते खाजन. उंचवट्याची, पावसाच्या पाण्यावर पिकणारी जमीन ती मोरड. रेताड ती केर. माडांचे ते भाट, पोफळीचे ते कुळागर, माथ्यावरचा उघडा कातळ तो सडा. पाणी वाहते तो व्हाळ, पाझरते ती झर. या शब्दांना पुढे माणसाचे, झाडाचे, देवाचे किंवा एखाद्या घटनेचे नाव जोडले जाई आणि शेताचे नाव तयार होई. ज्याला शेताचे नाव माहीत आहे त्याला जमिनीचा पोत, पाण्याची वाट आणि मालकाच्या पणजोबाची हकीकत, तिन्ही एका शब्दात माहीत असतात. शेतीशास्त्र, भूगोल आणि वंशावळ यांचे असे एकत्र पुस्तक आपल्या कपाटांत दुसरे नाही.

आता ज्या शेताचे नाव उताऱ्यावर आहे, पण ज्याच्या जागी खड्डा आहे, त्या नावाचे काय करावयाचे? आणि ज्याच्या रकान्यात रेघच आहे, परंतु ज्याचे नाव गावातल्या दोन-चार वृद्धांना अजून ठाऊक आहे, त्याचे काय? दिवाडीचे देवालय गेले तेव्हा लोक नदी ओलांडून आले. आमच्याकडे लोक आहेत तेथेच राहिले आणि जमीनच उठून परदेशी गेली. दोन्ही ठिकाणी बरोबर ठेवण्यासारखी वस्तू एकच होती. नार्वेकरांनी ती नेली. आपण अजून ठरविलेले नाही.

कोणी म्हणेल, हे इतिहासकाराचे काम आहे. आम्हा सामान्य वाचकांनी त्यात काय करावे? त्यावर मला डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांची आठवण करून द्यावीशी वाटते. १८९४ साली त्यांचा जन्म सत्तरीतील पिसुर्ले गावी झाला. पिसुर्ले काही विद्येचे पीठ नव्हते. पाळीसारखेच ते खेडे. पुढे त्यालाही खाणींनी वेढले. त्या खेड्यातून निघालेल्या माणसाने गोव्याच्या पुराभिलेखागाराची धुरा सुमारे तीन दशके वाहिली, वाळवीच्या तोंडी जाणारे हजारो कागद वाचले, लावले आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास कागदोपत्री आधाराने उभा केला. त्यांच्यापूर्वीही ते कागद होतेच. ते कोणीतरी ठेवले होते, म्हणून पिसुर्लेकर त्यांचा उपयोग करू शकले. इतिहास लिहिणारा शंभर वर्षांत एखादाच निपजतो. त्याच्यासाठी कागद ठेवणारे मात्र प्रत्येक पिढीत लागतात, आणि ते काम तुमच्या-माझ्यासारख्यांचे आहे.

म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाच्या कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवतो. ती खर्चाची नाही. या ग्रंथालयाने आपल्या परिसरातील प्रत्येक गावासाठी एक जाड वही घालावी. वहीचे चार भाग करावेत. पहिल्या भागात शेतांची, झरींची, वाटांची, तळ्यांची आणि टेकड्यांची नावे, उच्चारतात तशी, देवनागरीत लिहावीत. नाव कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले याचीही नोंद असावी. दुसऱ्या भागात देवस्थाने आणि घराणी यांच्याकडील जुन्या मोडी व पोर्तुगीज कागदांची यादी असावी. कागद मालकाकडेच राहू देत. तो कोठे आहे एवढे कळले तरी पुरे. तिसऱ्या भागात धालो, फुगड्या, जागर, शिगमो यांतील गाणी आणि विधी यांची माहिती असावी, आणि ती सांगणाऱ्या स्त्रियांना आपण या सभागृहात मानाने बोलवावे. चौथा भाग खाणीच्या वर्षांचा असावा. ट्रक चालविणारे, बार्जवर काम केलेले, खाणीत राबलेले आणि खाणीपायी शेत गमावलेले, अशा सर्वांचे अनुभव त्यांच्या शब्दांत उतरून घ्यावेत. आजचा वाद उद्या शमेल. त्या वेळी खरे काय घडले ते जाणण्यासाठी परवाची पिढी याच वहीकडे येईल.

या कामाला घाई आहे, हे मी मुद्दाम सांगतो. पुस्तक आज घेतले नाही तर उद्या घेता येते. ऐंशी-नव्वदीच्या माणसाकडे आज गेलो नाही तर उद्या जाता येईलच असे नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या गावातली अशी कितीतरी माणसे गेली. त्यांच्यापैकी प्रत्येकाबरोबर काही शेतांची नावेही गेली आणि त्या जाण्याची कोणत्याही कार्यालयात नोंद झाली नाही. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी उन्हाळी सुट्टीत हे काम आनंदाने करतील. त्यांच्याकडे ध्वनिमुद्रणाची साधने खिशातच असतात. त्यांना हवे ते कोणाकडे जावे आणि काय विचारावे एवढे मार्गदर्शन. ते या ग्रंथालयातील जुने सभासद देऊ शकतील.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी बाहेरचे ज्ञान गावात आणण्यासाठी हे ग्रंथालय काढले. पुण्या-मुंबईहून पुस्तके आली, आपण वाचली, शहाणे झालो. दुसऱ्या शतकात या कपाटांत गावाचे स्वतःचे ज्ञानही असावे. नार्व्याच्या दारावरचे अक्षर साडेतीनशे वर्षे टिकले, कारण ते कोणीतरी वेळेवर कोरून घेतले. पाळीला, कोठंबीला, सुर्लाला, वेळग्याला दगडाची गरज नाही. शाई, कागद आणि ऐकून घेण्याची तयारी असली की पुरे. पहिल्या वहीसाठी माझ्या वाडीतील नावे गोळा करून आणण्याचे काम मी आजच माझ्याकडे घेतो.